सांगणारी बाहेर, लपवणारे आत

आपला संबंध स्वतःहून सांगणाऱ्याला बाजूला करायचं आणि लपवणाऱ्याला जागेवर ठेवायचं, असा न्याय मी रेडिओच्या बातम्यांच्या खोलीत अनुभवला. त्याला बरीच वर्षं झाली, पण संताप अजून गेलेला नाही.

मी तेव्हा सार्वजनिक रेडिओच्या एका प्रादेशिक वृत्तविभागात नैमित्तिक संपादक होते. कायम नोकरी नाही, ड्युटी चार्टवर नाव लागेल तेवढ्या पाळ्या आणि पाळीमागे पैसे. बातमीपत्र दहा मिनिटांचं. जिल्ह्याजिल्ह्यांतून अंशकालीन वार्ताहर बातम्या पाठवायचे, त्या दोन-तीन वाक्यांत बसवून निवेदकाच्या हाती द्यायच्या, हे माझं काम. या वार्ताहरांपैकी कुणी स्थानिक दैनिकात असत, कुणी कॉलेजात शिकवत, कुणी स्वतःचं साप्ताहिक चालवत. रेडिओच्या मानधनावर कुणाचंच घर चालत नव्हतं, त्यामुळे दुसरं काम असणारच होतं. त्यात वावगं काही नाही. ते काम कोणतं, हे मात्र कुणी विचारत नसे.

त्या हंगामात आमच्या भागातल्या एका सहकारी साखर कारखान्याने उसाचे पैसे अडकवून ठेवले होते. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस घातल्यापासून १४ दिवसांत एफआरपीची, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दराची, रक्कम द्यावी लागते, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. कायदा इतका स्पष्ट आहे. माझ्या मामांचा ऊस त्याच कारखान्याला जातो. त्यांचेही पैसे अडकले होते.

म्हणून या विषयाची पहिली बातमी माझ्या टेबलावर आली तेव्हा मी सरळ वृत्तप्रमुखांकडे गेले. म्हटलं, "सर, माझे मामा इथले सभासद आहेत, त्यांचे पैसे थकलेत. ही बातमी मी बघायची की दुसऱ्या कुणाला द्यायची, ते तुम्ही ठरवा." ते म्हणाले, "बरं केलंत सांगितलंत. बघा तुम्ही, मी नजर टाकीन." इतकं साधं होतं ते.

मग सुट्टीत मामांकडे गेले. तिथे कारखान्याचा वार्षिक अहवाल पडला होता, सर्व सभासदांना घरपोच येतो तो. शेवटच्या पानावर 'अहवाल लेखन व संपादन' म्हणून आमच्याच जिल्हा वार्ताहरांचं नाव. मी मामांना विचारलं. ते म्हणाले, "अगं, चेअरमनची भाषणं तेच लिहितात. कारखान्याची प्रसिद्धी त्यांच्याकडेच आहे. सगळ्या गावाला माहीत आहे." गावाला माहीत होतं, आम्हाला नव्हतं.

परत आल्यावर मी त्या वार्ताहरांच्या जुन्या बातम्या काढून बघितल्या. 'कारखान्याने एफआरपीनुसार दर जाहीर केला' अशी एक बातमी होती. वाक्य खरं होतं, दर जाहीर झालाच होता. पण ऐकणाऱ्याला वाटलं पैसे मिळाले. मामांच्या गावच्या विकास सोसायटीचे सचिव दुसऱ्याच दिवशी पीककर्जाचा हप्ता मागायला दारात उभे राहिले. "रेडिओवर सांगितलं की!" असं ते म्हणाले. मामांच्या खात्यात तेव्हा एक रुपया आलेला नव्हता. सत्तरीला आलेला माणूस आपले पैसे अजून आले नाहीत हे पटवायला बँकेचं पासबुक घेऊन सोसायटीत गेला. ते वाक्य मीच मंजूर केलं होतं, कारण ते कारखान्याचा पगारी माणूस पाठवतोय हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आणि थकबाकी मागणारे शेतकरी पुण्यात साखर संकुलासमोर बसले, त्या दिवशी आमच्या जिल्ह्यातून बातमी आली ती विक्रमी गाळपाची. उतारा किती, साखरेची पोती किती, चेअरमननी कामगारांचं अभिनंदन केलं, सगळं त्यात होतं. थकबाकीचा उल्लेख नव्हता.

मी अहवाल घेऊन वृत्तप्रमुखांपुढे ठेवला. त्यांनी शेवटचं पान वाचलं, अहवाल मिटला आणि म्हणाले, "मॅडम, तक्रार तुम्ही करताय आणि मामा तुमचे आहेत. मग हितसंबंध कुणाचा?" मी म्हटलं, "माझा आहे, तो मी तुम्हाला आधीच सांगितलाय. यांनी त्यांचा सांगितला का?" त्यावर ते म्हणाले की जिल्ह्यात दुसरा वार्ताहर नाही, यांना काढलं तर तिथल्या बातम्याच येणार नाहीत. पुढच्या चार्टपासून सहकाराच्या आणि त्या जिल्ह्याच्या बातम्या माझ्याकडे येणं बंद झालं. वार्ताहर होते तिथेच राहिले.

मी प्रामाणिकपणे दिलेली माहिती माझ्याविरुद्धचा पुरावा म्हणून वापरली गेली, हे मला सहन झालं नाही. त्या खोलीतल्या सर्वांनी त्यातून एकच धडा घेतला असणार की गप्प बसावं. एका सहकाऱ्याने तसं मला बोलूनही दाखवलं. त्याचा भाऊ एका आमदाराकडे काम करत होता.

हे खासगी वर्तमानपत्रात झालं असतं तर मी एवढी तडफडले नसते, कारण वाचक दुसरा पेपर घेतो. खासगी एफएमना आपल्याकडे स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगीच नाही. शेतात, गोठ्यात रेडिओ ऐकणाऱ्याला बातमी मिळते ती सरकारच्या पैशावर चालणाऱ्या एकाच ठिकाणाहून. १९९० चा प्रसार भारती कायदा १९९७ मध्ये लागू झाला. त्याच्या बाराव्या कलमात नागरिकाला खरी आणि निःपक्षपाती माहिती मिळण्याच्या हक्काचं रक्षण करा असं लिहिलं आहे. ते रक्षण कुणी आणि कसं करायचं? प्रेस कौन्सिलकडे जावं तर तिचा अधिकार वर्तमानपत्रं आणि वृत्तसंस्थांपुरता, रेडिओ तिच्या कक्षेत येत नाही.

बाहेर हे प्रश्न सुटले आहेत असं नाही, पण तिथे ते उघड्यावर येतात. कॅनडाच्या सीबीसीने २०१५ मध्ये आपल्या निवेदक-पत्रकारांना पैसे घेऊन बाहेर भाषणं करायला बंदी केली, कारण तेल उद्योगाच्या संघटनेपुढे केलेल्या अशाच भाषणावरून आधी बराच गदारोळ झाला होता. त्याच वर्षी त्यांचे निवेदक इव्हान सॉलोमन बड्या लोकांना चित्रं विकण्याच्या व्यवहारात दलाली घेतात हे 'टोरांटो स्टार'ने छापलं, आणि सीबीसीने त्यांच्याशी संबंध संपवला. बीबीसी आपल्या बड्या पत्रकारांच्या बाहेरच्या मानधनाच्या कामांची यादी प्रसिद्ध करते. आपल्याकडे निदान जिल्हा वार्ताहराने आपली इतर कामं दरवर्षी लिहून द्यावीत आणि तो कागद कुठल्याही श्रोत्याला बघता यावा. यात खर्च काहीच नाही. आणि ज्याने लिहून दिलं त्याला त्याबद्दल शिक्षा होता कामा नये, हे त्याच कागदावर छापावं.

पण हे लिहिताना मला आणखी एक गोष्ट सांगायला हवी. २०१९ च्या महापुरात कारखान्याचा अहवाल लिहिणारे हेच वार्ताहर रात्र रात्र जागे होते. कोणत्या धरणातून किती क्युसेक सोडलं, कोणता पूल बंद, कोणत्या गावाला नाव पोचली, हे त्यांच्याइतकं नेमकं कुणी दिलं नाही. मी तेव्हा रेडिओ सोडला होता, घरी बसून ऐकत होते आणि त्यांच्या नावाने मला धीर वाटत होता. वृत्तप्रमुखांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. दुसरं कुणी नव्हतंच. माणसाला पोटापुरतं मानधन न देता त्याच्याकडून निःस्वार्थ बातमीची अपेक्षा करायची, यात त्या एकट्याला दोष देणं मला आता तितकंसं जमत नाही. तरी त्या 'दर जाहीर'च्या वाक्याला मी माफ केलेलं नाही.

मला त्या विषयातून काढलं तेही चूक नव्हतं, असं अलीकडे वाटू लागलंय. थकबाकीची बातमी हातात आली की मला मामांचं पासबुक दिसायचंच. फक्त दोघांना एकाच मापाने मोजायला हवं होतं.

मी वरपर्यंत लेखी तक्रार करायचं ठरवलं होतं. अहवालाची प्रत लागणार होती म्हणून मामांना फोन केला. मुद्दल तेव्हा मिळालं होतं, व्याजाचा पत्ता नव्हता. मामा म्हणाले, "नको गं पोरी. नाव बाहेर आलं तर पुढच्या हंगामात आपली तोड शेवटी लावतील. ऊस वाळून जाईल." मी तक्रार केली नाही. त्यांच्या उसासाठी गप्प राहिले, आणि आजही तसा प्रसंग आला तर मी काय करेन ते मला सांगता येत नाही. पण तो वार्ताहर, तो सचिव, ते वृत्तप्रमुख आणि मी, सगळ्यांनाच काही ना काही राखायचं होतं. रेडिओ ऐकणाऱ्याला त्यातलं एकही कारण कधी कळलं नाही.