कागदावरचे नाव

‘परवाना’ हा शब्द आपल्या मराठीत फारसीतून आला. त्या भाषेत त्याला दोन अर्थ आहेत. एक सत्ताधीशाचे आज्ञापत्र, आणि दुसरा दिव्यावर झेपावणारा पतंग. गोरगरीब माणूस हातात कागदांची पिशवी घेऊन कचेरीच्या पायर्‍या चढताना पाहिला, म्हणजे हे दोन अर्थ एकाच शब्दात कसे नांदत असतील, याचे आम्हांला नवल वाटेनासे होते.

यवतमाळ जिल्ह्यातील महागाव तालुक्यात, गावांतून आणि तांड्यांवरून, आमचे जाणे-येणे असते. कापूस-सोयाबीनचा हा मुलूख. पाऊस रुसला की घराघरात हात रिकामे होतात. अशा वेळी काही भगिनी सुई-दोरा घेऊन बसतात. काचमणी, कवड्या, घुंगरू, जुनी नाणी, रंगीत गोंडे यांपासून गळ्यातल्या माळा, कर्णफुले आणि कमरपट्टे तयार होतात. बंजारा समाजात ही कला आईकडून मुलीकडे आलेली आहे. हल्ली पुसद, यवतमाळ येथील मुलीही हौसेने असे दागिने मागतात. मागणी आली, की पाठोपाठ प्रश्न येतो: “फादर, याले लायसन लागते का?”

या प्रश्नापाठी भय असते, आणि ते निराधार नाही. जानेवारी १९६३ मध्ये, मोरारजी देसाई केंद्रीय अर्थमंत्री असताना, सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले. चौदा कॅरटहून अधिक शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडविण्यास बंदी झाली आणि पिढ्यानपिढ्यांच्या सोनारांच्या हातातले काम गेले. पुढे १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा आला. तो १९९० मध्ये रद्द झाला. कायदा गेला, परंतु दागिना घडविणार्‍या हातांना कागदाची जी धास्ती बसली, ती मात्र घरोघरी उरली.

आज वस्तुस्थिती पुष्कळ निराळी आहे, आणि ती नीट समजून घेणे अगत्याचे आहे. मणी, पितळ किंवा दोरा यांचे दागिने घरी बसून करण्यासाठी कोणताही खास परवाना लागत नाही. हॉलमार्कची सक्ती सोन्याच्या दागिन्यांसाठी आहे. ती २३ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली. काचमण्यांच्या माळेला तिचा स्पर्श नाही. वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ पासून आला. परंतु केवळ वस्तू विकणार्‍याची वार्षिक उलाढाल राज्यातल्या राज्यात ४० लाख रुपयांच्या आत असेल, तर सामान्यतः त्याला नोंदणी करावी लागत नाही. परराज्यात माल पाठवायचा झाल्यास नियम कडक होतो. तेथेही सूचीतल्या हस्तकलांना ठरावीक मर्यादेपर्यंत सवलत आहे. मात्र त्यासाठी पॅन हवा.

दुकानाच्या नोंदणीला आपल्याकडे अजूनही ‘गुमास्ता’ म्हणतात. १९४८ च्या जुन्या कायद्याची जागा महाराष्ट्रात २०१७ च्या कायद्याने घेतली, आणि कमी कामगार असलेल्या लहान आस्थापनेला नोंदणीऐवजी केवळ सूचना देणे पुरेसे ठरविले. उद्योग म्हणून शासनदरबारी ओळख हवी असेल, तर १ जुलै २०२० पासून ‘उद्यम’ नोंदणी आहे. ती आधार क्रमांकावर, स्वतःच्या निवेदनावर होते आणि तिला एक पैसाही शुल्क नाही. वस्तू व सेवा कराच्या कक्षेबाहेरील अगदी लहान व्यावसायिकांसाठी जानेवारी २०२३ पासून ‘उद्यम असिस्ट’ ही निराळी वाटही खुली झाली आहे.

मग जपायचे कोठे? हस्तिदंत, वाघनख किंवा कासवाची पाठ दागिन्यात ओवणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गंभीर गुन्हा आहे. पैनगंगेचे अभयारण्य शेजारच्या उमरखेड तालुक्यात असताना हे स्पष्ट सांगणे आम्हांला आवश्यक वाटते. आजीच्या काळातील हस्तिदंती बलियांची जागा आता प्लास्टिकने घेतली आहे, ती योग्यच. चांदी वजनावर विकायची तर काटा वैधमापन खात्याने पडताळून शिक्का मारलेला हवा. डबीत बंद करून माल विकायचा तर डबीवर नाव, पत्ता, कमाल किंमत, महिना व वर्ष छापावे लागते. भट्टी पेटवायची किंवा आम्ल वापरायचे, तर शेजार्‍यांच्या जिवाचा प्रश्न येतो. तेव्हा नगर पंचायतीत वा ग्रामपंचायतीत आधी विचारावे.

इतके सोपे असता अडते कोठे? आमच्या परिचयातील एका भगिनीने उद्यमचा कागद काढण्यासाठी एका मध्यस्थाला दोन हजार रुपये दिले. माळा विकून वर्षभरात साठविलेली ती पुंजी होती. ती आम्हांला म्हणाली, “फादर, इतके पैसे घेतले म्हंजे कागद पक्का असन ना?” कागद पक्का होता. परंतु आम्ही तो वाचला, तेव्हा उद्योजक म्हणून नाव तिच्या पतीचे होते. मध्यस्थाने सांगितले होते, घर त्यांच्या नावे, मोबाईल त्यांचा, तेव्हा कागदही त्यांचाच.

वाचकहो, दोन हजारांच्या हानीपेक्षा ही हानी मोठी आहे, असे आम्हांला वाटते. उद्या मुद्रा योजनेतील पन्नास हजारांपर्यंतचे ‘शिशु’ कर्ज मागायचे, तर बँक कागदावरचे नाव पाहणार. प्रदर्शनात जागा मिळायची, तर त्याच नावाने मिळणार. उद्या पती परगावी गेला वा दुर्दैवाने दुरावला, तर जिच्या बोटांत ती कला आहे, ती शासनाच्या लेखी कोणीच उरणार नाही. एकल मालकीच्या धंद्यात मालकाचाच आधार क्रमांक जोडला जातो. घर कोणाच्या नावे आहे, हा प्रश्न तेथे नसतो. घरमालकाची संमती पत्त्यापुरती पुरेशी असते.

आम्ही पतीला समोर बसवून हे समजावले. तो दुष्ट नव्हता. त्याला कोणी विचारलेच नव्हते. “माळा तर तिच करते, मले कुठी येते!” असे तो हसत म्हणाला. आता तिचा मोबाईल क्रमांक आधारला जोडला गेला आहे, आणि तिच्या नावाची नोंदणी व्हायची आहे. तिच्या बचत गटातील दोघी-तिघींनी तोवर आपापले कागद स्वतः बसून भरले. एकीने भरलेला अर्ज दुसरीने मोठ्याने वाचून तपासला.

आमची एवढीच विनंती आहे, की ज्यांना वाचता येते त्यांनी महिन्यातून एक संध्याकाळ शेजारणीच्या कागदासाठी राखून ठेवावी. मर्यादा आणि दर बदलत राहतात. म्हणून अधिकृत संकेतस्थळावर किंवा यवतमाळच्या जिल्हा उद्योग केंद्रात विचारून मगच सही करावी. आणि सही करण्यापूर्वी, ज्या हातांनी माळ ओवली त्याच हातांच्या मालकिणीचे नाव वर लिहिले आहे ना, हे बोट ठेवून पाहावे.