गोफ उलगडताना

मंगळागौरीच्या खेळांतली फुगडी, झिम्मा बघून बघूनही येतात. गोफ मात्र शिकवावाच लागतो. पंचवटीतल्या आमच्या महिला मंडळात ते काम माझ्याकडे. वर बांधलेल्या रंगीत दोऱ्या धरून आठजणी गोल उभ्या राहतात, एकीआड एक उलट तोंडाने. समोरून येणाऱ्या एकीच्या आतून जायचं, तर पुढचीच्या बाहेरून.

पहिले दोन दिवस मी दोऱ्या हातात देतच नाही. नुसतं चालायचं. एका दिशेच्या चौघींच्या मनगटाला हिरवी फीत, दुसऱ्या चौघींच्या लाल. आणि सूचना पाऊल पडायच्या आधी द्यायची, बरं का! समोरासमोर आल्यावर ‘आत’ म्हटलं की दोघी आपटल्याच.

खरी परीक्षा उलगडताना. शेवटी जिच्या बाहेरून गेलो, वळल्यावर तीच पहिली भेटते. तिच्या पुन्हा बाहेरूनच जायचं. सवयीने पाय आत वळतात नि गाठ बसते.

शेजारची नवी सून इथेच अडायची. तालमीत एकजण तिचं नाव घेऊन सगळ्यांदेखत ओरडली. “काकू, मी आपली टाळ्या वाजवते,” म्हणत पोर कोपऱ्यात जाऊन बसली. अहो, पहिली मंगळागौर तिचीच होती!

तेव्हापासून तालमीत नाव घ्यायचं नाही, असं मी ठरवूनच टाकलं. फक्त “हिरव्या बाहेर, लाल आत.” तिला हिरवी फीत बांधली आणि तेवढं वळणच दहादा चालवलं.

मंगळवारी जागरणाला गोफ सुटला. नंतर पाहते तर ही सासूबाईंना सांगत होती, “आई, वळल्यावर पहिली पुन्हा बाहेरूनच हं!”