परतवाड्याची राजधानी मुंबई होती तेव्हा : १९५८ चा एक जाझ दौरा आणि त्याचे श्रोते

धागा लांब आहे. सावकाश वाचावा.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मध्य प्रदेशातून निघून द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या परतवाड्याची राजधानी नागपूरऐवजी मुंबई झाली. महाराष्ट्राची निर्मिती अजून साडेतीन वर्षे दूर होती. अचलपूरहून निघणारी अरुंद रुळांची गाडी, जिला पुढे सगळा वऱ्हाड ‘शकुंतला’ म्हणू लागला, मूर्तिजापूरपर्यंत रखडत जाई. तिथे मोठ्या रुळांवरची मुंबईची गाडी मिळे. राजधानी अशी कागदावर जवळ आली, पण प्रवास पूर्वीइतकाच लांब राहिला.

या द्वैभाषिक राज्याच्या अल्प आयुष्यात, १९५८ साली, चार अमेरिकन वादक मुंबईत येऊन गेले. पियानोवर डेव्ह ब्रूबेक, आल्टो सॅक्सोफोनवर पॉल डेझमंड, डबल बासवर यूजीन राइट आणि ड्रमवर जो मॉरेलो. जगभर ‘डेव्ह ब्रूबेक क्वार्टेट’ या नावाने ओळखला जाणारा हा संच. मराठीत ‘चौकडी’ म्हटले की आधी चांडाळच आठवतात, म्हणून येथे ‘चौघे’ म्हणणेच बरे.

हे चौघे स्वखर्चाने आले नव्हते. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने त्यांना पाठवले होते. शीतयुद्ध ऐन भरात होते. अमेरिकेत कृष्णवर्णीयांना कसे वागवले जाते याच्या बातम्या आशिया-आफ्रिकेतील नव्या राष्ट्रांत रोज छापून येत होत्या. त्या डागाळलेल्या प्रतिमेवर उतारा म्हणून १९५६ पासून जाझ वादकांचे सरकारी दौरे सुरू झाले. डिझी गिलेस्पी हे त्यांतले पहिले. ब्रूबेकांचा दौरा पोलंड, तुर्कस्तान, भारत, श्रीलंका, पाकिस्तान, अफगाणिस्तान, इराण आणि इराक असा पसरला होता. बगदादमध्ये त्यांनी ज्या राजवटीच्या काळात वाजवले, ती त्याच वर्षी १४ जुलैला रक्तरंजित क्रांतीत संपली. सरकारे कुठे काय पेरतात आणि कुठे काय उगवते, याचा हिशेब कोणत्याही परराष्ट्र खात्याला आजवर नीट मांडता आलेला नाही.

दौऱ्यातील विसंगती त्या चौघांच्या आतच होती. यूजीन राइट कृष्णवर्णीय, बाकी तिघे गोरे. १९५८ च्या फेब्रुवारीत, दौऱ्यावर निघण्याच्या थोडे आधी, नॉर्थ कॅरोलायनातील एका महाविद्यालयात त्यांचा कार्यक्रम होता. सभागृह विद्यार्थ्यांनी भरलेले असताना व्यवस्थापनाने कळवले की कृष्णवर्णीय वादक मंचावर चालणार नाही. ब्रूबेकांनी वाजवण्यास नकार दिला. बरीच खलबते झाली आणि शेवटी राइट यांनी मागे, फारसे दिसणार नाही असे उभे राहावे या अटीवर परवानगी मिळाली. कार्यक्रम रंगात आल्यावर ब्रूबेकांनी राइट यांना सांगितले की तुझा माइक बिघडला आहे, पुढे येऊन माझ्या निवेदनाच्या माइकवर वाजव. माइक अर्थातच ठणठणीत होता. राइट पुढे आले, वाजवले, आणि विद्यार्थ्यांनी सभागृह डोक्यावर घेतले. पुढे थोड्याच दिवसांत हेच राइट आशियात आपल्या देशाच्या समतेचा नमुना म्हणून मिरवले जाणार होते. दोन वर्षांनी दक्षिणेतील पंचवीसपैकी तेवीस महाविद्यालयांनी गोरा बासवादक आणण्याची मागणी केली, तेव्हा ब्रूबेकांनी ते सगळे कार्यक्रम सोडून दिले.

आता मूळ प्रश्नाकडे. भारतीय श्रोत्यांना या चौघांचे एवढे कौतुक का वाटले असावे?

‘पाश्चात्त्य संगीताचे आकर्षण’ हे उत्तर सोपे आहे आणि अपुरे आहे. जाझच्या एका बैठकीत प्रत्यक्ष काय घडते ते पाहावे. आधी सगळे मिळून एक धून मांडतात. मग त्या धुनेचा सुरावटींचा सांगाडा कायम ठेवून एकेक वादक त्यावर तिथल्या तिथे नवे रचू लागतो. तो काय वाजवणार हे इतरांनाच नव्हे, बहुधा त्यालाही ठाऊक नसते. पुढे दोघे वादक चार-चार आवर्तने वाटून घेतात. एकाने टाकलेला तुकडा दुसरा झेलतो, उलटवतो, परत फेकतो. शेवटी सगळे मूळ धुनेवर येतात. ज्याने सतार-तबल्याचा सवाल-जवाब ऐकला आहे, त्याला या व्यवहाराची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही. रागाचा विस्तार आणि जाझमधली उपज या एकच गोष्टी नव्हेत, आणि तसे सांगणारे दोन्हींवर अन्याय करतात. पण ठरलेल्या चौकटीत, श्रोत्यांसमक्ष, क्षणात निर्माण करण्याची जोखीम दोन्हीकडे आहे. भारतीय श्रोता ती जोखीम ओळखतो. दाद तिलाच असते.

तालाच्या बाबतीत तर पारडे उलटेच होते. तेव्हाचे बहुतेक जाझ चार मात्रांच्या चालीत चाले. सात मात्रांचा रूपक, दहाचा झपताल, चौदाचा धमार कानावर घेऊन वाढलेल्या श्रोत्यांसमोर हे वादक वाजवत होते. ब्रूबेकांना विषम मात्रांचे वेड होते, पण त्या वेडाला मूर्त रूप याच दौऱ्यानंतर आले. इस्तंबूलच्या रस्त्यावरच्या वादकांकडून त्यांनी नऊ मात्रांची दोन-दोन-दोन-तीन अशी विभागणी ऐकली आणि त्यातून ‘ब्लू रोंडो आ ला तुर्क’ ही रचना झाली. पॉल डेझमंड यांची पाच मात्रांतली ‘टेक फाइव्ह’ १ जुलै १९५९ रोजी ध्वनिमुद्रित झाली. हे दोन्ही तुकडे ‘टाइम आउट’ या तबकडीत आहेत. मुंबईत किंवा मद्रासमध्ये ‘टेक फाइव्ह’ ऐकल्याच्या आठवणी १९५८ च्या म्हणून कुणी सांगत असेल, तर सन तपासून घ्यावा.

मुंबईतील भेटींपैकी इतिहासाच्या दृष्टीने सर्वांत मोलाची भेट उस्ताद अब्दुल हलीम जाफर खाँ यांची. १९२७ साली जावरा येथे जन्मलेले, मुंबईत वाढलेले खाँसाहेब तेव्हा तिशीत होते. स्वतःची ‘जाफरखानी बाज’ ही वादनशैली घडवणारे, आणि त्याच वेळी चित्रपटसंगीतासाठीही सतार वाजवणारे. ब्रूबेक आणि खाँसाहेब मुंबईत एकत्र बसून वाजवते झाले. पियानोच्या पट्ट्या ठाम, त्यांच्यावर मींड निघत नाही. सतारीचा अर्धा जीव मींडेतच. ही अडचण दोघांपुढेही होती. तरी ब्रूबेकांनी नंतर कबूल केले की खाँसाहेबांच्या प्रभावाने आपण निराळ्या तऱ्हेने वाजवू लागलो. स्वरपद्धती इतक्या भिन्न असूनही एकमेकांचे म्हणणे कळत होते. येथे श्रोता आणि वादक यांच्या भूमिका उलटल्या. कौतुक घेण्यासाठी पाठवलेला माणूस कौतुक करून परतला. परराष्ट्र खात्याच्या योजनेत हे बहुधा नसावे.

जो मॉरेलो यांच्याविषयी थोडे अधिक सांगायला हवे. जन्मापासून त्यांची दृष्टी अतिशय अधू. लहानपणी ते व्हायोलिन वाजवत, आणि नवव्या वर्षी बॉस्टन सिंफनीबरोबर वाजवण्याइतकी त्यांची तयारी होती. पुढे यॅशा हायफेट्झ यांचे वादन ऐकल्यावर आपल्याला हा सूर कधी साधणार नाही असे मनाशी ठरवून ते ड्रमकडे वळले. कौतुकाची अशीही एक जात असते, जी माणसाचे वाद्यच बदलून टाकते. भारतात त्यांनी तबला आणि मृदंग जवळून ऐकले. परतल्यावर निघालेल्या ‘जाझ इंप्रेशन्स ऑफ युरेशिया’ या तबकडीतल्या एका तुकड्यात ते काठ्या बाजूला ठेवून हातांनी ड्रम वाजवतात.

वऱ्हाडातल्या माणसाला हे ऐकवले असते तर त्याला नवल वाटले नसते. १९५८ च्या वऱ्हाडात बोटांच्या लयीचा सर्वांत मोठा अधिकारी अजून हयात होता. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज मोझरीच्या गुरुकुंजातून गावोगाव फिरत होते, आणि एका हातातल्या खंजिरीवर दुसऱ्या हाताने ते जे काढत, त्यासाठी लोक कोसभर चालत येत. परतवाड्याजवळच्या बहिरमच्या जत्रेत तमाशाचे फड लागत, आणि ढोलकीवाल्याने एखादा अवघड तुकडा समेवर आणून आदळला की फेटे उडत. मेळघाटातले कोरकू ढोल आणि बासरीवर रात्ररात्र नाचत. या श्रोत्यांना ‘जाझ’ हा शब्द ठाऊक असण्याचे कारण नव्हते. परंतु हात किती तयार आहे हे ओळखायला त्यांना शब्दाची गरजही नव्हती.

जाझ स्वतः मात्र परतवाड्यात पोचलेला होता, वेश पालटून. त्याची वाट गोव्याहून मुंबईमार्गे येते. पोर्तुगीज गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांमधून मुलांना स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवले जाई. अशी तयार झालेली मुले पोटासाठी मुंबईला येत. १९३० च्या दशकात ताजमहाल हॉटेलात लिऑन अ‍ॅबी, क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफर्ड असे कृष्णवर्णीय अमेरिकन वादक येऊन राहिले, आणि गोमंतकीय तरुणांनी त्यांच्याकडून जाझ उचलला. हळदोण्याचे अँतोनियो झेवियर वाझ ‘चिक चॉकलेट’ या नावाने भारताचे लुई आर्मस्ट्राँग म्हणून गाजले. १९५० पासून मुंबई राज्यात कडक दारूबंदी आली. हॉटेलांमधल्या रात्री ओसरू लागल्या आणि हे वादक अधिकाधिक प्रमाणात चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाकडे वळले.

पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, यांच्या १९५१ च्या ‘अलबेला’तली ट्रंपेट या घराण्याची आहे. त्याच सुमारास केंद्रीय नभोवाणी मंत्री झालेल्या बाळकृष्ण केसकरांनी आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार केली. मंत्री पुण्याचे, संगीतकार नगर जिल्ह्यातले, आणि दोघांच्या या न झालेल्या सामन्याचा निकाल लावला सिलोन रेडिओने. १९५२ च्या अखेरीस तिथून ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. ती लघुलहरींवरून देशभर ऐकली जाऊ लागली आणि केसकरांची बंदी हवेत विरली. लग्नाच्या वरातीतले बँडवाले ऐकून ऐकून त्याच चाली क्लॅरिनेटवर बसवत. न्यू ऑर्लिन्सच्या मिरवणुकींत जन्मलेले संगीत अर्ध्या जगाला वळसा घालून वऱ्हाडातल्या मिरवणुकीत परत आले, आणि त्या सबंध साखळीत कुणी कुणाचे नाव विचारले नाही.

या कथेतली खरी बोच ती नावांची आहे. ब्रूबेकांचे छायाचित्र ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर १९५४ सालीच झळकले होते. तो अंक त्यांच्या हातात आणून दिला ड्यूक एलिंग्टन यांनी. आणि हा मान माझ्याआधी यांचा होता, या जाणिवेने ब्रूबेक पुढे आयुष्यभर संकोचत राहिले. मुंबईत मात्र अशा संकोचाची वेळच आली नाही, कारण श्रेयनामावलीत संगीतकाराच्या नावाखाली वादकांची नावे छापण्याची पद्धतच नव्हती. १९५८ हेच वर्ष घ्या. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, चित्रपटसृष्टीतले नावाजलेले व्हायोलिनवादक आणि स्वरसंयोजक, यांनी त्या वर्षी सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात आपल्या भारतीय सिंफनी वाद्यवृंदाचा कार्यक्रम केला. राग आणि पाश्चात्त्य वाद्यमेळ यांची सांगड घालणाऱ्या त्यांच्या रचना, गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे. ब्रूबेक जे शोधत आले, ते मुंबईतला एक माणूस घरच्या घरी, सरकारी खर्चाशिवाय करून बसला होता. जगाला त्याचे नाव कळले ते १९७७ साली, त्याचा शिष्य प्यारेलाल याने एका चित्रपटगीतात ते गुंफले तेव्हा. तेही बहुतेकांना नायकाचेच वाटले.

मुंबईतल्या जाणत्या जाझ श्रोत्यांची परंपरा पुढेही टिकली. १९५२ मध्ये ‘ब्लू ऱ्हिदम’ हे जाझला वाहिलेले नियतकालिक काढणाऱ्यांपैकी निरंजन झवेरी यांनी १९७८ मध्ये ‘जाझ यात्रा’ उभी केली आणि सॉनी रोलिन्ससारखा सॅक्सोफोनवादक मुंबईकरांपुढे वाजवून गेला. महोत्सवाला ‘यात्रा’ म्हणणे बहिरमच्या लोकांना खचितच पटले असते.

चौघांचा संच १९६७ च्या अखेरीस विसर्जित झाला. डेझमंड १९७७ मध्ये गेले, मॉरेलो २०११ मध्ये, ब्रूबेक २०१२ मध्ये. त्याच २०१२ च्या जानेवारीत अँथनी गोन्साल्विसही गेले. जाफर खाँसाहेब २०१७ च्या जानेवारीत मुंबईत निवर्तले. सर्वांत शेवटी, ३० डिसेंबर २०२० रोजी, सत्त्याण्णव वर्षांचे यूजीन राइट गेले, ज्यांना मागे उभे राहायला सांगितले होते ते.

मॉरेलो हातांनी ड्रम वाजवतात तो तुकडा आज फोनवर सहज सापडतो. पियानो तंबोऱ्यासारखा एकाच स्वराभोवती घुमत राहतो आणि सॅक्सोफोन त्यावर सावकाश चढतो. नाव आहे ‘कलकत्ता ब्लूज’. तबकडीवर वॉर्सा-क्राकोचा देश आहे, बर्लिन आहे, तुर्कस्तान आहे, लंडन आहे. मुंबईचे नाव कुठेच नाही.