पेटी तयार, पाल नाही

सॉल्ट लेकमध्ये बिऱ्हाड लावून तीन महिने झाले असतील. एका रविवारी धाकटा म्हणाला, "बाबा, मला लेपर्ड गेको पाळायचाय." म्हणजे बिबट्यासारख्या ठिपक्यांची पाल. हिने भाजी चिरता चिरता विळी बाजूला ठेवली. "अहो, घरातल्या पाली मी झाडूने हाकलते आणि तुम्ही विकत आणणार?"

मी हसलो नाही, कारण मागणीमागचं कारण मला ठाऊक होतं. मागच्या ठिकाणी आमच्याकडे कुत्रा होता. मला फील्ड पोस्टिंग लागलं आणि तो दुसऱ्या एका कुटुंबाकडे सोडावा लागला. दोन दिवस तो जेवला नाही, आणि आमचं पोरगंही. सातवीत चौथी शाळा असलेल्या मुलाने मित्र किती वेळा नव्याने करायचे? म्हणून त्याने हिशेब करून प्राणी निवडला होता. "बाबा, ही लहान असते, भुंकत नाही. बदली झाली की डब्यात बसून येईल."

फौजेत कुठलंही काम आधी रिहर्सल करून बघतात. मी म्हटलं, आधी पेटी करू. पंधरा दिवस ती रिकामी चालवू, मग पाल आणू.

दोघांनी बसून माहिती काढली. हा प्राणी मूळचा अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या कोरड्या, खडकाळ मुलखातला. पायाला चिकट गाद्या नाहीत, त्यामुळे भिंतीवर चढत नाही. घरच्या पालीला पापण्या नसतात, याला असतात. शेपटीत चरबी साठवतो. शेपूट जाड तर तब्येत ठीक. खायला जिवंत किडेच लागतात, त्यावर कॅल्शियमची पूड भुरभुरायची, आणि किडा त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. पेटीची एक बाजू 32 अंशांच्या आसपास गरम, दुसरी 25 च्या आसपास. खाली वाळू नको, पोटात जाऊन अडकते. साधा कागद बरा. लपायला दोन जागा, आणि कात टाकण्यासाठी एक ओलसर डबी. बाकी पेटीत आर्द्रता 30 ते 40 टक्के.

दोन फुटी काचेची पेटी, जाळीचं झाकण, खालून तापणारी चटई, थर्मोस्टॅट आणि आर्द्रतामापक जमवलं. चिरंजीवांनी वही आखली. सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री नऊ, अशी पहाऱ्यासारखी नोंद.

जुलै महिना. थर्मोस्टॅटने गरम बाजू चोख सांभाळली. पण खोलीच तिशीच्या वर, तर थंड बाजू थंड होणार कशी? आणि आर्द्रतेचा काटा 70 च्या खाली एकदाही आला नाही. येणार कसा? हे गावच मुळी खारट पाणथळ जागेवर वसलेलं. विधानचंद्र रायांच्या काळात योजना झाली, हुगळीतला गाळ आणून भराव घातला आणि तोश्कोविच नावाच्या युगोस्लाव्ह वास्तुरचनाकाराने आखणी केली. माझ्यासारख्या माणदेशी माणसाच्या चपलांना इथे बुरशी येते, तिथे त्या पालीचं काय! अशा दमट हवेत तिच्या फुप्फुसांना संसर्ग होतो. एसी रात्रंदिवस लावायचा, तर ही म्हणाली, "पोराला पंखा आणि पालीला एसी?"

एका विक्रेत्याला फोन करून कागदपत्रं विचारली, तर तो किंमत कमी करायला लागला. तिथेच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

शेवटचा हिशेब धाकट्यानेच केला. हा प्राणी नीट सांभाळला तर पंधरा-वीस वर्षं जगतो. माझी नोकरी उरली सहा वर्षं, पुढे त्याचं कॉलेज, वसतिगृह. वही मिटून तो म्हणाला, "म्हणजे तिलाही कुणाकडे तरी सोडावंच लागेल." मी काही बोललो नाही. कुत्र्याच्या वेळी हा हिशेब मी करायला हवा होता.

शेजारच्या काकीमांना हे कळलं तेव्हा त्या त्याला व्हरांड्यात घेऊन गेल्या. ट्यूबलाइटच्या मागे त्यांच्या तीन 'टिकटिकी' होत्या. आपली पाल चुकचुकते ती शंकेने. बंगाल्यांकडे कुणी बोलत असताना टिकटिकी बोलली, तर ती 'ठीक ठीक' म्हणून दुजोरा देते. आता वहीत त्या तिघींच्या नोंदी आहेत. कोण कितीला बाहेर येते, कुणाची शेपूट नवी फुटतेय, कुणी कुणाला हुसकावलं. नोंदी रात्री नऊच्याच.

पेटी आम्ही मोडली नाही. लेपर्ड गेकोचे भाऊबंद आपल्या महाराष्ट्रातही रानात राहतात. सातपुड्यातल्या एका जातीला तर 2014 मध्ये त्या डोंगराचंच नाव मिळालं. ती पकडून आणायची नाहीत, हे त्याला पटलंय. "पुढची बदली नगरला झाली तर?" तो परवा विचारत होता. मी म्हटलं, "तर रात्री टॉर्च घेऊन डोंगरावर बघायला जाऊ."

हा शब्द मात्र पाळायचा आहे.

जय हिंद.