घडीतली कसर



चातुर्मासाची तयारी म्हणून मे महिन्यात कपाट आवरायला काढलं. तळाशी सासूबाईंचं सामायिकाचं लोकरी आसन आणि पुंजणी होती. त्या गेल्यापासून दोन वर्षं मी त्याला हात लावला नव्हता. घडी उलगडली, तर ठिकठिकाणी भोकं! आत तपकिरी पट्ट्यांच्या, बारीक केसाळ अळ्या आणि त्यांनी टाकलेल्या पोकळ काती.

"आई, फवारा मारू?" लेकीनं बाटलीच आणली. खरं सांगते, क्षणभर माझाही हात पुढे झाला. ज्या पुंजणीनं सासूबाई जीव हळुवार बाजूला करायच्या, तिचीच लोकर कुरतडलेली!

हा कार्पेट बीटल. मोठा भुंगेरा जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा, फुलांतले पराग खाणारा. कापडाला तो तोंड लावत नाही. खाते ती त्याची अळी. लोकर, रेशीम, पिसं, केस, मेलेले किडे, सगळं. पक्ष्यांच्या घरट्यांतही ती राहते, आणि आमच्या खिडकीवर कबुतरांचं जुनं घरटं आहेच. तिला अंधार हवा आणि न हलणारी वस्तू. रोज झटकलेल्या कापडात तिला थारा मिळत नाही.

तेव्हा साध्वीजींची पडिलेहणा आठवली. दिवसातून दोनदा प्रत्येक वस्त्र उलगडून पाहायचं. मला वाटायचं, हा नियम त्यांच्यापुरता.

कागद अंथरून मऊ ब्रशनं अळ्या उतरवल्या, त्या जुन्या घरट्यात नेऊन सोडल्या. मग आसन उन्हात घातलं. डोळ्यांना न दिसलेली अंडी त्या उन्हात गेली असतीलच. प्रतिक्रमणात त्याचं मिच्छामि दुक्कडम् दिलं. पण मूळ प्रमाद त्याआधीचा होता. आठवण म्हणून मी आसन जपून ठेवलं आणि सामायिक मात्र सोडून दिलं. सासूबाई रोज त्यावर बसायच्या, तेव्हा कधी कसर लागली नाही.

आता भोकं रफू करून घेतलीत. रोज सकाळी आसन दोन्ही बाजूंनी पाहते आणि 48 मिनिटं बसते.

तुम्हीही शाली, स्वेटर, आसनं महिन्यातून एकदा उलगडा, कपाटाचे कोपरे पुसून घ्या. जीव उपजण्याआधीची जयणा सोपी असते गं. नंतर हातात फवाऱ्याची बाटली येते, आणि तेव्हा फार अवघड जातं.