गायकावाचून राहिलेली गाणी

माझ्या नातवाच्या खोलीतून येणाऱ्या आवाजाला मी पुष्कळ दिवस गोंगाट म्हणत असे. विजेच्या गिटारींचा घणाघात, ढोलांचा मारा, आणि त्यावर कोणी तरी संतापून ओरडत आहे! एके दिवशी मी त्याला तसे स्पष्ट सांगितलेही. त्याने दार लावून घेतले व पुढे आठ दिवस तो माझ्याशी कामापुरतेच बोलला. अखेर मीच हार मानली आणि हे गाणारे कोण, असे त्याला विचारले.

या संगीतास ‘न्यू मेटल’ म्हणतात. त्यात गाणे, भराभर बोलणे आणि किंचाळणे या तिहींना सारखाच मान! त्या दिवशी वाजत होता तो वाद्यवृंद अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या किनाऱ्यावरील सांता बार्बरा या शहरात १९९५ साली उभा राहिलेला. नाव ‘स्नॉट’, म्हणजे आपल्या भाषेत शेंबूड. मुलांना नाक पुसावयास सांगण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला हे नाव रुचावे कसे? १९९७ साली त्यांची ‘गेट सम’ ही ध्वनिमुद्रिका निघाली. तिच्या वेष्टनावर गायक लिन स्ट्रेट याच्या लाडक्या कुत्र्याचे, डॉब्सचे, चित्र आहे. दुसरीची तयारी चालू असतानाच, ११ डिसेंबर १९९८ रोजी, मोटार-अपघातात लिन मरण पावला. तो अवघा तीस वर्षांचा होता. डॉब्स गाडीत त्याच्याबरोबरच होता; तोही वाचला नाही.

मागे राहिले साथीदार आणि शब्दांवाचून राहिलेल्या चाली. वाद्यवृंद मोडला.

हे ऐकताना मला माझे वडील आठवले. गावच्या भजनी मंडळात ते मृदंग वाजवीत. मंडळाचे बुवा वारले आणि वडिलांनी मृदंग खुंटीला अडकविला. चार महिने त्यांनी त्याला हात लावला नाही. घरात त्याविषयी कोणी बोलतही नसे. मग एका एकादशीला शेजारच्या तीन गावांचे बुवा आपण होऊन आले. एरवी चढाओढीने गाणारी ती माणसे! पण त्या रात्री आमच्या बुवांचे अभंग त्यांनी वाटून घेतले. वडील उठले व त्यांनी मृदंग खाली काढला.

सांता बार्बराच्या त्या साथीदारांपाशीही असेच गायक आले. कॉर्न, स्लिपनॉट, सिस्टिम ऑफ अ डाउन अशा नावाजलेल्या वाद्यवृंदांच्या गायकांनी एकेक चाल घेतली, तिच्यावर आपले शब्द रचले, आणि २००० साली ‘स्ट्रेट अप’ ही ध्वनिमुद्रिका निघाली. तिच्या नावातच लिनचे आडनाव आहे. (पुढे काही वर्षांनी ते साथीदार नव्या गायकासह पुन्हा एकत्र आले.) नातवाने तीतील दोन गाणी मला ऐकविली. एक मला मुळीच आवडले नाही, व तसे मी सांगितले. दुसरे मात्र मी पुन्हा लावावयास सांगितले.

“आजोबा, तो मृदंग आता कुठे आहे?” त्याने विचारले.

तो माळ्यावर होता. आम्ही दोघांनी शिडी लावून तो खाली आणला. वाद्या सैल पडल्या होत्या. डाव्या तोंडाला भिजविलेली कणीक लावावी लागते, हे ऐकून त्याला हसू आले, आणि तो कणीक आणावयास स्वयंपाकघराकडे धावला.