खोकल्याचं औषध आणि आठ महिन्यांची बंदी

मागच्या पावसाळ्यात सतरा वर्षांची एक धावपटू मुलगी खोकला घेऊन माझ्याकडे आली. छातीत थोडी घरघर होती. सवयीने मी टर्ब्युटालीन असलेलं सिरप लिहायला घेतलं. तेवढ्यात तिची आई म्हणाली, "डॉक्टर, पुढच्या आठवड्यात हिची स्पर्धा आहे, तोवर बरी होईल ना?" मी ती ओळ खोडली.

टर्ब्युटालीनमुळे श्वासनलिका मोकळ्या होतात. आपल्याकडच्या अनेक सिरपमध्ये ते असतं. पण खेळाडूंसाठी ते बंदी असलेल्या द्रव्यांच्या यादीत आहे, स्पर्धा असो वा नसो. पृथ्वी शॉचं प्रकरण आठवत असेल. फेब्रुवारी २०१९ मध्ये इंदूरला दिलेल्या त्याच्या लघवीच्या नमुन्यात हेच सापडलं. खोकल्याच्या औषधातून ते नकळत गेलं, हे क्रिकेट मंडळाने मान्य केलं. तरीही एकोणीस वर्षांच्या मुलावर आठ महिन्यांची बंदी आली.

तुम्ही म्हणाल, मान्य केलं तर शिक्षा कसली? नियमच तसा आहे. शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची. हेतू काय होता, हे फक्त शिक्षा किती ते ठरवताना पाहतात. हा नियम नसेल तर प्रत्येक जण सिरपकडेच बोट दाखवेल, हे मलाही पटतं.

पण सिडनी ऑलिंपिकमधली आंद्रेआ रादुकान आठवली की मी अडखळतो. सोळा वर्षांची ही रुमानियन जिम्नॅस्ट. सर्दीची गोळी संघाच्या डॉक्टरनेच दिली होती, तिच्यात स्यूडोएफेड्रिन होतं. वैयक्तिक सर्वसाधारण प्रकारातलं सुवर्णपदक गेलं, क्रीडा लवादाकडचं अपीलही फेटाळलं गेलं. डॉक्टरवर पुढच्या दोन ऑलिंपिकची बंदी आली. गंमत पाहा, २००४ मध्ये हेच द्रव्य यादीतून काढलं आणि २०१० मध्ये पुन्हा घातलं. पदक मात्र परत मिळालं नाही. चिठ्ठी आम्ही लिहायची आणि कारकीर्द त्या मुलीची पणाला लागायची, हे मला एक डॉक्टर म्हणून फार बोचतं.

खेळाडूला हक्क आहेत. दुसऱ्या बाटलीतला, म्हणजे 'बी' नमुना तपासून मागता येतो. सुनावणी मिळते, अपील करता येतं. औषध खरंच गरजेचं असेल तर उपचारासाठी सवलतीचा अर्ज करता येतो, शक्यतो औषध सुरू करण्याआधीच. पण "माझा दोष नाही" म्हणायचं तर द्रव्य कुठून आलं ते खेळाडूलाच दाखवावं लागतं. त्या वेळी कामाला येतात डॉक्टरची चिठ्ठी, मेडिकलचं बिल आणि औषधाची बाटली. आणि नेमक्या याच गोष्टी आपण बरं वाटलं की फेकून देतो. म्हणून घरात कोणी स्पर्धेत खेळत असेल तर डॉक्टरच्या समोर बसताच आधी ते सांगा. आम्ही विचारायला विसरतो.

त्या मुलीला मी साल्ब्युटामॉलचा पंप दिला, तो ठरावीक मात्रेपर्यंत चालतो. दिवसातून किती वेळा ओढायचा ते आकड्यात आणि अक्षरातही लिहिलं. आईने चिठ्ठीचा मोबाइलवर फोटो काढला, मग विचारलं, "आणि हिची आजी घरी काढा देते, तो चालेल का?" त्यात काय काय घालतात, ते मी लिहून आणायला सांगितलं.